पहिले तू खा

केळं सोलून अर्धं मोडायचं, ते विकणाऱ्याच्याच हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "पहिले तू खा." आमच्या शेजारच्या काकू दिसल्या की इतवारा बाजारातले केळीवाले तोंड फिरवायचे. केळीच्या मुलखात जन्म गेला, पण काकूंचा केळ्यावर विश्वास नव्हता. "पावडरीनं पिकवतात मेले," म्हणायच्या.

बाहेरचं पाणी म्हणजे तर विषच. लग्नाला जातानाही पिशवीत स्वतःची स्टीलची बाटली. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, ओटा झाडता झाडता कोण कुठे निघालं हे जिला बरोबर कळतं. मी त्यांना टरकूनच असे.

त्यात माझ्याकडे लपवण्यासारखं होतं. चाळिशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि नेपानगरच्या एका गृहस्थांशी लग्न करायचं मनात होतं. कुणाला सांगायची छाती नव्हती. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची, ती एचपीव्हीची लस या वयात घ्यावी का, हे विचारायला डॉक्टरबाईंकडे निघाले, तर काकू चपला घालून दारात.

"एकटी कशाले जाते? हे लोक सुई टोचून मोकळे होतात."

मला वाटलं, वास काढायला येताहेत.

दवाखान्यात काकूंनी डॉक्टरबाईंची उलटतपासणीच घेतली. "आधीचं काही अंगात असंल तर जाते का यानं?" नाही जात. "मंग तपासणी तरी सुटते?" तीही सुटत नाही, लस घेतली तरी. "मंग या उमरीत फायदा काय?"

"बऱ्याच जणींना कमीच," डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पण पुढे नवा जोडीदार येणार असेल, तर विचार करण्यासारखं आहे. तसं काही आहे का?"

काकू शेजारीच. संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या शनवारा पेठेत बोभाटा होणार.

काकू उठल्या. "मी पानी पिऊन येते," म्हणाल्या, आणि भरलेली बाटली माझ्या मांडीवर ठेवून बाहेर गेल्या.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. लस घ्यायची, हे माझं मीच ठरवलं.

रिक्षात विचारलं, "कसं होतं पाणी?"

"कोन प्यालं!" रस्त्याकडे बघत काकू म्हणाल्या.

तेव्हा लग्नाचं सांगितलं. गल्लीत पहिलं त्यांनाच.

"त्याले जेवाले बोलाव. माझ्यासमोर. पाहू दे मले."

आणि एवढ्या चौकस बाईनं हे कुणाच्या कानावर घातलं नाही. मी उगाच घाबरत होते.

ते गृहस्थ जेवायला आले तेव्हा काकू नव्हत्या. थंडीत न्यूमोनियानं गेल्या. शेवटी सलाइनच्या बाटलीकडेही संशयानंच बघत होत्या. मी ताट वाढलं, पोळीचा घास मोडून गृहस्थांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "पहिले तुम्ही खा."

लाडानं म्हणतेय समजून ते हसले आणि जेवू लागले. उघड्या दारातून काकूंच्या घराचं कुलूप दिसत होतं. मी तिकडे बघून डोळे पुसले.