बोडीवरचं सोललेलं झाड

बोडीच्या, म्हणजे गावातल्या लहान तळ्याच्या, पाळीवरच्या त्या झाडाची साल कोणीतरी काढत होतं. ओरबाडलेली नव्हती. छातीच्या उंचीवर तळहाताएवढे तुकडे विळ्याने नीट कापून घेतलेले. जुने काप तपकिरी पडले होते, दोन मात्र ताजे, ओलसर होते. झाडाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर आणखी कोणी विळा घेऊन निघेल.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमचं गाव कामठ्याच्या पुढे. तिथे थोरला भाऊ आणि वहिनी धानाची शेती करतात, आणि मी बहुतेक रविवारी मोटारसायकलने जातो. दुसऱ्या कोणी ते काप पाहून गाडी थांबवली नसती. मी थांबवली, कारण तीन वर्षांपूर्वी याच झाडाच्या सालीतल्या एका रेणूवर मी शोधनिबंध लिहिला होता.

ते काम काय होतं, हे साधं सांगतो. कर्करोगाच्या पेशीत एक प्रथिन असतं. त्याला एक खळगा असतो. त्या खळग्यात एखादा रेणू घट्ट बसला तर पेशीची वाढ अडेल, अशी आशा असते. किती घट्ट बसेल याचा अंदाज संगणक करतो आणि एक आकडा देतो. आकडा शून्याच्या जितका खाली, तितकं चांगलं. माझ्या रेणूचा आकडा बराच खाली गेला. एकही पेशी नाही, उंदीर नाही, माणूस नाही. एक लॅपटॉप आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढंच. निबंध छापून आला. मग कॉलेजातून कोणीतरी एका वर्तमानपत्राला कळवलं आणि बातमी आली, ‘कर्करोगावर झाडीपट्टीतलं औषध’. सोबतच्या फोटोत मी हसतो आहे. बातमी चुकीची आहे हे मला वाचताक्षणी कळलं होतं. मी कळवलं नाही. भावाने कात्रण लॅमिनेट करून बैठकीत लावलं, तेही मी काढायला सांगितलं नाही.

तेव्हा वहिनींना काही झालेलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि दर तीन आठवड्यांनी केमोचे डोस सुरू झाले. चार झाले, दोन राहिले होते.

त्या रविवारी मी भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, “नागपूरले कधी जायचं आहे?”

“पुढं ढकललं म्हणे दवाखान्यानं. मागची पारीबी ढकलली होती. रक्त कमी आहे म्हणून राहिले.”

“रिपोर्ट कुठं आहे?”

“तुह्या वहिनीले विचार. फोन तिलेच येते.”

मला पहिला संशय भावाचा आला, हे कबूल करतो. धान चुरायचे, मळणीचे दिवस होते, घरात माणसं कमी. त्यानेच वहिनींना थांबवून घेतलं असेल, असं मनात आलं. पण तो नजर चुकवत नव्हता. नजर मीच चुकवत होतो, भिंतीवरच्या कात्रणापासून. मागच्या अंगणात चुलीवर झाकलेलं लहान गंज, म्हणजे पातेलं, होतं. त्याला तुरट, ओल्या लाकडासारखा वास होता. निबंध लिहिताना मी नुसत्या कुतूहलाने हीच साल घरी उकळून पाहिली होती, त्यामुळे तो वास मला चुकणं शक्य नव्हतं.

वहिनी डोक्याला रुमाल बांधून गहू निवडत होत्या. मी झाकणाकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिलं.

“काऊन जी भाऊजी, चोर पकडल्यावाणी पाहून राहिले?”

“गंजात काय आहे?”

“तुमचंच औषध हाय. तुमी कधी आनून देल्लं नाई, मी सोताच आनलं.”

“आणि नागपूर?”

“नाई जात. तेथं लाल पानी चढवतेत, दोन दिस लघवी लाल होते. कायचं पानी हाय म्हनलं तर ती नर्स म्हनते, मावशी, गप पडून राहा. काऊन गप राहू? अंग माहं हाय.” त्यांनी गव्हातला खडा काढून अंगणात फेकला. “तुमच्या भावाले सांगू नोका.”

वहिनी पहिल्यापासूनच संशयी. धान मोजताना व्यापाऱ्याचा काटा आधी रिकामा पाहणार. मी शाळेत होतो तेव्हा त्या लग्न होऊन आल्या, आणि माझ्या गुणपत्रिकेवरची बेरीज त्या पुन्हा करून पाहायच्या. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईने न तपासता एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता, आणि ती गोष्ट माझी होती.

मी म्हटलं, “वहिनी, त्या आकड्यात काही दम नाही.”

“काऊन नाई? छापून आला ना?”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. खाटेवर ठेवून तो खळगा दाखवला, त्यात बसलेला माझा रेणू दाखवला. त्या वाकून पाहत होत्या.

“हे म्हंजे जुवाच्या भोकात शिवळ बसली, असंच ना?”

“तसंच. जोखडाच्या भोकात खुंटी.”

“मंग शिवळ बसली. बैल चालला का?”

तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. निबंध तपासणाऱ्यांनीही नाही. मी म्हटलं, “बैल कोणी जुंपलाच नाही.” त्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, मी घाबरून अंग काढून घेतो आहे.

“चाहा टाका याच्यात,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“चाहात जे काय रायते ते टाका. पाहू मशीन काय म्हनते.”

चहातलं कॅफिन टाकलं. पंखा घरघरला, थोड्या वेळाने आकडा आला. माझ्या रेणूपेक्षा पुष्कळ वर. मग साखर टाकायला लावली. तीही वर. वहिनींचा चेहरा उजळला.

“पाहा! चाहाले नाई म्हनते, साखरेले नाई म्हनते, झाडाले हो म्हनते. अन् तुमी म्हनता दम नाई.”

इथे मी गप्प राहिलो असतो तर त्या संध्याकाळी पुन्हा ते गंज तोंडाला लागलं असतं. बोलायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. चहा आणि साखर यांचे रेणू लहान. लहान रेणूला आकडा वरच मिळतो. रेणू थोडा मोठा, पसरट असला की तो कुठेही चिकटतो आणि आकडा खाली जातो, मग तो औषध असो की आणखी काही. हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं. मी ते करून पाहिलेलं होतं.

“कोठीत धानाच्या करपा रोगावर फवारायची बाटली आहे ना? ती आणा,” मी म्हटलं.

त्या बाटली घेऊन आल्या, लांब धरून. लेबलावरचं नाव मी अक्षर अक्षर पाहून टाकलं. या वेळी वेळ जास्त लागला. वहिनी पदर तोंडाला लावून पडद्याकडे पाहत राहिल्या. आकडा आला. झाडापेक्षा खाली.

“उणे म्हंजे चांगलं ना?”

“हो.”

“म्हंजे फवारनी झाडाहून चांगली?”

“मशीनच्या हिशोबाने.”

“मंग फवारनी पिऊ का?” त्या हसल्या. मग हसणं थांबलं. माझ्याकडे त्यांनी तसं पाहिलं, जसं व्यापाऱ्याच्या काट्याकडे पाहतात. “भाऊजी, तुमी एकदम ही बाटलीच काऊन मांगितली? हे तुमाले आत्ता समजलं का पयलेच ठाऊक होतं?”

‘आत्ता’ म्हणणं सोपं होतं. त्यांनी मानलंही असतं. मी म्हटलं, “पहिलेच. निबंध पाठवायच्या आधी मी हीच बाटली टाकून पाहिली होती. आकडा असाच आला होता. मी तो निबंधात लिहिला नाही. लिहिला असता तर निबंधच उरला नसता.”

वहिनी उठल्या. अंगणात गेल्या, गंज उचललं आणि काढा उकिरड्यावर ओतला. परत आल्या तेव्हा आवाज सपाट होता.

“दोन पाऱ्या चुकल्या माह्या. तुमी दर रयवारी येता. बैठकीत त्या कागदाखालीच बसून चाहा पेता.”

दोन दिवसांनी त्या भावासोबत नागपूरला गेल्या. मला बोलावलं नाही. चुकलेल्या डोसांनी किती बिघडलं, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टचा कागद मी, त्या दोन डोसांमुळेच बिघडलं असेल का, या संशयाने उघडतो, आणि तो संशय माझ्याशिवाय कोणावर घ्यायचा, हे मला कळत नाही. कात्रण भिंतीवरून उतरलं. खिळा आहे.

शेवटच्या डोसाला वहिनींनी फोन केला, “तुमी चला. मशीन घेऊन चला.” कशाला, ते नीट सांगितलं नाही; मागच्या वेळी वॉर्डात कोणीतरी झाडाची गोष्ट काढली होती, एवढंच म्हणाल्या.

वॉर्डात खुर्च्यांची रांग होती. वहिनींच्या हाताला सुई लावली, वर लाल पाणी टांगलं. शेजारच्या खुर्चीत सौंदडकडची एक बाई होती, वयाने वहिनींहून मोठी. तिचा पहिलाच डोस. ती लाल पाण्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर माझ्या ओळखीची होती.

“हे एकच घेईन बाप्पा,” ती वहिनींना म्हणाली. “मंग झाडाचं सुरू करीन. आमच्याकडं समदे तेच सांगून राहिले.” तिने फायलीच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स होती. माझा चेहरा काळपट पडला होता, तरी हसणं दिसत होतं.

वहिनींनी मोकळ्या हाताने माझ्याकडे बोट केलं. “हे बसले ते. विचारा यायलेच.”

मी सांगितलं. आधी वहिनींना सांगितलं होतं, त्याहून नीट सांगितलं. बाटलीचं सांगितलं, आकडा लपवल्याचं सांगितलं. बाई कधी कागदाकडे, कधी माझ्याकडे पाहत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने आवाज खाली केला.

“कोनं दाबलं गा तुमाले? या दवाखानेवाल्यायनंच ना?”

“कोणी नाही. मीच खोटं—”

“सांगू नोका, समजते मले. मोठ्या लोकायच्या पुढं काय करता तुमी.” तिने कागदाची घडी पुन्हा जपून घातली आणि पिशवीत ठेवली. तिला माझी कीव आली होती.

नर्सने नळीचा चिमटा सैल केला आणि लाल पाणी वहिनींच्या हातात उतरू लागलं. त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि त्या बाईकडे मान वळवली.

“आई, यायच्या तोंडचं नोका आयकू. मीबी आता नाई आयकत. धानाले करप्याचं कोनतं मारता तुमी?”

बाईने नाव सांगितलं.

“भाऊजी, काढा मशीन,” वहिनी म्हणाल्या. “अन् पयले चाहा टाका.”