बाजूच्या सीटवरचा हुंकार

अमेरिकेत मला ज्यांनी उभं केलं त्या बाई आयुष्यभर शाळेची बस चालवायच्या आणि गाणी लिहायच्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगण्याच्या भरात उपकाराचं राहून जाईल अशी धास्ती वाटते. मला तशी धास्ती कशाचीही वाटते. गाडीचं लायसन्स, पहिलं धड काम, चार लोकांत तोंड उघडण्याची हिंमत, हे सगळं त्यांनी दिलं. ताईने मला या देशात आणलं ते आहेच. पण ताई माझी बहीण आहे. बाई माझ्या कोणी लागत नव्हत्या.

मी २००१ च्या उन्हाळ्यात स्टेट कॉलेज नावाच्या गावात उतरलो. ताईने माझ्यासाठी अर्ज केला तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो; कागद हातात पडले तेव्हा तिशीला टेकलो होतो. दाजी युनिव्हर्सिटीत संशोधन करायचे. शनिवारी त्यांच्याकडे पुण्या-नागपूरची पोरं जेवायला जमायची. प्रत्येक जण हात पुढे करून विचारायचा, "हाय, तू कुठल्या डिपार्टमेंटला?"

मी नववीतून शाळा सोडलेला. फलटणच्या एका ट्रकवर क्लीनर होतो. दाजींनी पढवून ठेवलं होतं, "ट्रान्सपोर्टमध्ये होतो म्हणायचं. खोटं काही नाही त्यात." मला कोणी हसू नये एवढाच त्यांचा हेतू होता. मी मात्र पोरांचा आवाज जिन्यात आला की कांदा चिरायला आत पळायचो. त्यात सप्टेंबरात न्यूयॉर्कचं ते झालं, आणि ताई रोज बजावायला लागली, "एकटा फिरू नको. कोणी काही बोललं तर उलट बोलू नको." उलट काय, मला सुलटसुद्धा बोलता येत नव्हतं.

गावाबाहेर हमरस्त्यावर एक जुनं डायनर, म्हणजे साधी खाणावळ, होतं. तिथे मला भांडी धुण्याचं काम लागलं. शनिवारी दुपारी तिथेच एका कोपऱ्यात साठीच्या एक बाई गिटार घेऊन गायच्या. पांढरी वेणी, पुरुषी जाकीट, आवाज जाडाभरडा. त्या प्रत्येक गाण्याआधी गोष्ट सांगायच्या आणि लोक गोष्टीसाठीच यायचे हे मला भाषा कळण्याआधी कळलं. गोष्ट चालू असताना काट्या-चमच्यांचा आवाज बंद व्हायचा. भांडी यायची थांबायची.

एका शनिवारी त्या थेट आमच्या मोरीच्या दाराशी आल्या. "माझे डोळे गेले कामातून. संध्याकाळ झाली की रस्ता दिसत नाही. गाडी कोणाला येते?"

मी म्हणालो, "ट्रक. इंडिया."

"लायसन्स?"

मी मान हलवली. आमची मान आडवी हलते की उभी, हे इथल्या माणसाला कळत नाही. त्या हसल्या. "म्हणजे नाही. शिकवते. बर्फात पोरांनी भरलेली बस चालवलीय मी, तू काय चीज आहेस."

चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी मला शिकवलं. मी इतका दबकत चालवायचो की त्या वैतागायच्या. "तू गाडी चालवतोयस की गाडीची माफी मागतोयस?" एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे क्लीनर ड्रायव्हरला काय म्हणतो? मी सांगितलं, उस्ताद. त्या खूश झाल्या. "मग मला तेच म्हण. मॅम-बिम नको." तेव्हापासून मी म्हणायचो, "येस, उस्ताद."

आमच्याकडे क्लीनरची जागा डावीकडे. इथे स्टिअरिंगच डावीकडे. म्हणजे मी होतो तिथेच बसलो होतो, फक्त समोर चाक आलं होतं. आणि उजवीकडे, उस्तादाच्या जागी, बाई.

अशी आमची जोडी पाच वर्षं त्या डोंगरांतून फिरली. सफरचंदांच्या बागा, गावोगावची वाचनालयं, जत्रा आणि सगळ्यांत जास्त फायर हॉल. इथे छोट्या गावांत आग विझवायचं काम गावकरीच करतात. वर्षातून एक-दोनदा बंब बाहेर काढून हॉलमध्ये टेबलं मांडतात आणि अग्निशमन दलाच्या खर्चासाठी गावजेवण घालतात. तिथे बाईंचं गाणं ठरलेलं. पहिल्याच हॉलमध्ये एका माणसाने मला दारात अडवून विचारलं, "तू कुठला रे?" त्याच्या आवाजाने मी दोन पावलं मागे सरलो. बाईंनी ते ऐकलं असावं. स्टेजवर गेल्या आणि आधी माझ्याकडे बोट केलं. "तो माझा ड्रायव्हर. आज मी इथे जिवंत पोचले ती त्याच्यामुळे, आणि परत जाताना मेले तर तीही त्याच्यामुळेच." हॉल हसला. त्या माणसाने मला कॉफी आणून दिली. त्यानंतर प्रत्येक हॉलमध्ये त्या हे आधी सांगायच्या, म्हणजे कोणाला विचारायची वेळच यायची नाही.

तरुणपणी त्या नॅशव्हिलला जाऊन आल्या होत्या. तिथल्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, गाणी चांगली आहेत, मधली बडबड काढा. बाई बस पकडून परत आल्या. "गाणं म्हणजे घर," मला म्हणाल्या, "आणि गोष्ट म्हणजे तिथे जायचा रस्ता. रस्ता नाही तर घराचं काय करू?" पुढे त्यांनी आपल्या आपण दोन-तीन सीडी केल्या, त्या चर्चच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाल्या आणि खाऊच्या टोपलीत घालून आम्ही विकल्या. त्यांचं करिअर म्हणाल तर एवढंच. पण त्या खोऱ्यात महापुराने नेलेल्या चर्चच्या पियानोचं गाणं माहीत नाही असं घर नव्हतं.

गाडीत त्या गोष्टींचा सराव करायच्या. मी सवयीने हुंकार द्यायचो. एक वाक्य झालं की "हं." पुढचं झालं की "हं." ट्रकवर क्लीनरचं खरं काम तेच असतं. टायर बदलणं, काच पुसणं दुय्यम. उस्ताद बोलत राहिला पाहिजे, आणि तो बोलत राहावा म्हणून शेजारून हुंकार गेला पाहिजे. हुंकार थांबला की उस्तादाची पापणी मिटते, आणि घाटात पापणी मिटली की संपलं.

पहिल्यांदा बाई चिडल्या होत्या. "काय हं हं? घाई आहे का तुला?" मी मोडक्या इंग्रजीत घाट, झोप, पापणी सगळं समजावलं. त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं गोष्टी सांगतेय. कोणी असं ऐकलं नाही." आणि वर, "पण हा एकतर्फी व्यवहार झाला. मी तुला एवढ्या गोष्टी दिल्या, तू एक दे. शाळा का सोडलीस?"

"काही नाही, उस्ताद. स्टोरी नाही."

"स्टोरी नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. ठीक आहे. उधार."

त्या मधूनमधून आठवण करायच्या. "उधारी आहे हं तुझी." मी हसून गिअर बदलायचो.

२००६ च्या सफरचंदांच्या हंगामात मी त्यांना न्यायला गेलो. त्या दारातच उभ्या होत्या. गिटारची पेटी डाव्या हातात, उजवा हात लोंबकळत. माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मी त्यांना गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा गाडीची माफी मागितली नाही.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला होता. त्यांना समजायचं सगळं. बोलायला शब्द सापडत नव्हते. तोंडातून एकच आवाज निघायचा, "हं". होकारालाही तोच, नकारालाही तोच. मान बघून ओळखायचं. ओहायोहून त्यांची मुलगी आली, महिनाभर राहिली. जाताना मला म्हणाली, "हात सुधारेल म्हणतात. पण ती आता गाणार नाही. गोष्टीशिवाय ती गात नाही, मी ओळखते तिला. आणि गाणं गेलं तर ती किती दिवस काढेल, सांग."

डायनरचं काम झालं की जायचो, सूप गरम करायचो, बसायचो. घरात इतकी शांतता मी आधी ऐकली नव्हती. ताई डब्यात मऊ खिचडी द्यायची. बाई खायच्या, पण गिटारच्या कोपऱ्याकडे पाठ करून.

वसंतात डॉक्टरांकडून परत येताना नदीकाठचा रस्ता लागला. शांतता नको म्हणून मी बडबडत होतो. "उस्ताद, इथेच ना, पियानो वाहून गेला तो?" आणि उजवीकडून गाणं सुरू झालं. पियानोचं गाणं. शब्द न शब्द स्वच्छ, सगळी कडवी. मी गाडी कडेला घेतली. गाणं संपलं तेव्हा त्यांनी हाताने स्वतःचे ओठ चाचपले, जणू दुसऱ्याच कोणाचे होते. मग काहीतरी बोलायला गेल्या, आणि पुन्हा नुसतं "हं". पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं जातं पण गाणं राहतं, दोन्हींच्या जागा मेंदूत वेगळ्या.

मला वाटलं, सुटलो. तसं नव्हतं. उन्हाळा लागताच त्यांच्याच गावच्या फायर हॉलच्या शरदातल्या जेवणाची ठरवाठरवी सुरू झाली. झटक्याचं वर्ष सोडलं तर तिथे त्यांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. हॉलचा म्हातारा कारभारी टोपी हातात धरून बोलवायला आला. बाईंनी डाव्या हाताने ओठांकडे खूण केली, मग भिंतीशी ठेवलेली गिटार पायाने दूर लोटली. रस्ता नाही तर घराचं काय करू.

कारभारी उठला. आणि मी, जो कांदा चिरायला पळायचो तो मी, म्हणालो, "गोष्टी मला पाठ आहेत. मी सांगतो."

कारभारी पुन्हा बसला. बाईंनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या छातीवर बोट आपटलं. आत्ता सांग. मी सांगितली. थांबायची जागा चुकली की त्या टेबलावर थाप मारायच्या. नंतर गाडीत डॅशबोर्डवर. तो सगळा उन्हाळा मी थापा खाल्ल्या.

जेवणाच्या दिवशी ताई आली होती, पंगतीत ठेवायला शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. दाजीही आले. म्हणाले, "इंग्लिश सांभाळून रे. स्लो बोल." बाई स्टेजवर खुर्चीत बसल्या, गिटार मांडीवर आडवी, तिच्या लाकडावर डाव्या हाताने ठेका धरायचा असं ठरलेलं. मी शेजारी उभा. हॉल भरलेला आणि सगळ्यांना माहीत, बाई बोलू शकत नाहीत.

त्या कार्यक्रमाच्या शेवटी सांगायच्या ती गोष्ट मी निवडली होती, बर्फात अडकलेल्या बसची. ती मला त्यांच्याच शब्दांत पाठ होती, वेगळे शब्द माझ्याकडे होते कुठे? म्हणून जशी ऐकली तशी सुरू केली. "त्या दिवशी मी बस घेऊन निघाले, आणि ज्या माणसाशी पुढे मी लग्न केलं तो मला भेटला."

मिशीवाल्या माझ्याकडे बघून हॉल क्षणभर थांबला आणि मग फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "अभिनंदन!" मला आधी कळलंच नाही काय झालं. कळलं तेव्हा कान तापले, आणि पुढचं वाक्य गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. हसणं विरलं. ताईने मान खाली घातली. इतक्या लोकांची शांतता अंगावर आली आणि मला ते तोंड आठवलं, दारात उघडलेलं, शब्दाविना. असं होत असणार त्यांना. रोज. सारखं.

तेवढ्यात उजवीकडून आवाज आला.

"हं."

मी वळून पाहिलं. बाई समोर बघत होत्या, जसं गाडीत मी रस्त्याकडे बघायचो. पुन्हा, जरा जोरात, "हं."

वाक्य आलं. मी म्हणालो, "बर्फ इतका की पुढचा खांब दिसेना." "हं." "पोरं रडायला लागली." "हं." "म्हणून मी एक गाणं रचलं, शाळेत जायचं म्हणून हट्ट धरलेल्या गाईचं. एकेक ओळ एकेका पोराने जोडायची." "हं." पोरं गात राहिली, गाणं संपू दिलं नाही, आणि शेवटी बर्फातून एक तरुण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. बसच्या काचेवर टकटक केली, टोपी काढली आणि म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही माझ्या शेतात गाडी लावलीय."

इथे थांबायचं होतं. मी थांबलो. थाप पडली नाही. हॉल हसला, आणि या वेळी गोष्टीला हसला. ते हसणं ओसरता ओसरता बाईंच्या डाव्या हाताने लाकडावर ठेका धरला आणि त्या गायला लागल्या. गाईचं गाणं. पुढच्या टेबलावरचा एक टकला माणूस डोळे पुसत त्यांच्याबरोबर आपली ओळ म्हणत होता. तो त्या बसमध्ये होता.

परतताना दाजी गाडीत मागच्या सीटवरून पुढे वाकले. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी पोरं येतील. तू क्लीनर होतास ते सांग त्यांना. ते हुंकाराचं सांग."

ओहायोची मुलगी दर महिन्याला फोन करते. बाई अजून स्वतःच्याच घरात राहतात. आम्ही पुन्हा फिरतो, पूर्वीपेक्षा कमी, दुपारचेच कार्यक्रम घेतो. मी आता "मी" न म्हणता "त्या" म्हणतो, तरी लोक मागून "अभिनंदन" ओरडतातच. बाईंना तीन-चार शब्द परत सापडलेत. एक माझं नाव, वाकडंतिकडं. बाकीचे सापडतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. स्टेजवर चढण्याआधी मी अजून पहिलं वाक्य दोनदा पुटपुटतो.

हल्ली गाडीत बसलं की त्या माझ्या छातीवर बोट टेकवतात आणि भुवया उंचावतात. गोष्टीची आठवण नाही ती. उधारीची आहे. माझी शाळा का सुटली, पहिल्यांदा ट्रकवर चढलो तेव्हा आई दारात का आली नाही, हे मी ताईलाही धड सांगितलेलं नाही. दर वेळी वाटतं, आज. आणि दर वेळी मी हसून गिअर बदलतो.

पण देईन. हॉलमध्ये नाही, आधी गाडीत, त्यांना एकट्यांना. नदीकाठचा लांबचा रस्ता घेईन. पहिलं वाक्य मी बोलेन, आणि उस्ताद, तुम्ही हुंकार द्या.