तिसऱ्या मजल्यावरचा रिफंड

जानेवारीत ऑफिसने गुंतवणुकीचे पुरावे मागितले, तेव्हा मी फाइल मुद्दाम कपाटात स्वेटरखाली दडवली. आमच्या फुलपाड्यात थंडी नावालाच, स्वेटरला कोणी हात लावत नाही.

त्याचं असं झालं. आदल्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी पेढे घेऊन आले. "भाऊ, इन्कम टॅक्सचा रिफंड आला!" पगार माझ्याएवढाच, घराच्या कर्जाचा हप्ताही तेवढाच. मग सरकारला आठवण यांचीच का? तो पेढा मला दोन दिवस पचला नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी ऑफिसात पुरावेच दिले नव्हते. अच्छा, म्हणजे ही युक्ती! आणि मी बावळट, दरवर्षी सगळ्यांच्या आधी फाइल नेऊन देतोय.

तर यंदा नाही दिली. फेब्रुवारी-मार्चचा पगार कापून कापून हातात आला. बायकोला पाडव्याआधी स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता. काळा ग्रॅनाइटही पसंत करून झाला होता. तिने गवंड्याला नको म्हणून कळवलं. मी नुसतं पुटपुटलो, "यंदा टॅक्स जास्त बसलाय."

जुलैत रिटर्न भरायला बसलो. एकूण पगारातून ठरावीक वजावट गेली, मग पीएफ, विम्याचा हप्ता, कर्जाचं व्याज. उरलं ते करपात्र उत्पन्न. पुरावे जानेवारीत द्या नाहीतर वजावटी जुलैत दाखवा, कर तेवढाच. जास्तीचं कापलेलं फक्त परत येणार. हे मला कळलं, पण पटवून घेतलं नाही. रिफंड तो रिफंड!

तो आला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन तिसऱ्या मजल्यावर.

"अरेरे, भाऊ, तुम्हीपण पुरावे द्यायला विसरलात?" शेजारी म्हणाले. "मी विसरलो होतो तर घरच्यांनी वर्षभर ऐकवलं. यंदा जानेवारीतच देऊन टाकले बाबा."

त्यांच्या खांद्यावरून माझी नजर आत गेली. नवा ओटा. काळा ग्रॅनाइट.

खाली येऊन बायकोला सगळं सांगून टाकलं, अगदी स्वेटरसकट.

"उद्या भाजी घेतलीत की पिशवी भाजीवालीकडेच विसरून या," ती म्हणाली. "परवा तीच परत आणलीत की ओवाळते तुम्हाला. आणि तो रिफंड इकडे द्या. गवंड्याला मी आत्ताच फोन करते."