येतो म्हणायचं नाही

आमच्या डेस्कवर दोन गोष्टी कायम साठतात. एक, मुदत संपलेले मेडिकलचे कागद. दुसरी, किस्से. कागद श्रेडरमध्ये जातात. किश्शांना श्रेडर नाही! म्हणून मी रोज डायरीत चार ओळी लिहून ठेवतो. त्यातलेच थोडे सांगतो.

आधी डेस्क कुठलं ते. अबू धाबीत मुसफ्फाची वर्कशॉप्स ओलांडून पुढे गेलं की इमारतींचं एक बंदिस्त आवार लागतं. काबूलहून विमानांनी बाहेर काढलेल्या अफगाण कुटुंबांना तिथे आणून ठेवलं. थोडे दिवस, असं सांगून. अमेरिका बोलावेल, मग पुढे जायचं. ते थोडे दिवस काही वर्षं चालू आहेत.

तिथल्या बस, सामान आणि कागदपत्रांचं काम आमच्या कंपनीकडे. मी मुकादम, मुरुडचा. बॅगांचं वजन आणि बसची यादी माझ्याकडे. शेजारच्या खुर्चीत पुण्याच्या देशपांडे मॅडम, फाइली त्यांच्याकडे. आणि बस चालवायला पेशावरचा शेरखान, 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हटल्याशिवाय गियर न टाकणारा. हे झालं आमचं खातं!

* * *

मॅडमचा पहिलाच आठवडा. एक कुटुंब एअरपोर्टला निघालं होतं. बाई मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अच्छा बहन, मैं जाती हूँ."

मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ऐसे नहीं बोलते! आती हूँ बोलो, आती हूँ!"

बाईंच्या नवऱ्याने हातातली बॅग खाली ठेवली.

"मॅडम," तो म्हणाला, "ये दुआ है या बद्दुआ?"

तेव्हापासून आमच्या डेस्कचा नियम ठरला. घरी दारी काय म्हणायचं ते म्हणा. इथे 'येतो' म्हणायचं नाही!

* * *

आता हारूनबद्दल. वय चाळीसच्या आसपास. अमेरिकन फौजेबरोबर दुभाष्या होता, त्यामुळे काबूलला परत जायची सोयच नाही. बायको नजीबा शाळेत शिकवायची. दोन मुली, थोरली मरियम चौदा वर्षांची. आणि हारूनची आई. तिला सगळं आवार बीबीजान म्हणतं.

हारूनचं दुखणं होतं मेडिकल. मेडिकल सहा महिने चालतं. तिकडची सिक्युरिटीची तपासणी त्याहून जास्त चालते. म्हणजे तपासणीचा होकार येईपर्यंत मेडिकल संपलेलं, आणि नवीन मेडिकल होईपर्यंत तपासणी जुनी झालेली. असं चार वेळा झालं.

चौथ्या वेळी तो क्लिनिकमधून आला आणि पाकीट मॅडमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "लग्नात माझे जेवढे फोटो काढले नव्हते, तेवढे माझ्या छातीचे निघाले. आता तो डॉक्टर एक्स-रे बघतो आणि विचारतो, हबीबी, घरी सगळे बरे?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

* * *

बीबीजानचं हिंदी टीव्हीवरच्या सासू-सुनांकडून शिकलेलं. त्यामुळे तिने नुसतं पाणी मागितलं तरी घरात काहीतरी भयंकर घडणार आहे असं वाटायचं!

एकदा ती फाइल बघायला डेस्कवर आली. मॅडमनी नियम समजावला. "बीबीजान, अमेरिकेच्या नियमात फॅमिली म्हणजे नवरा, बायको आणि एकवीस वर्षांच्या आतली मुलं. हारूनच्या फाइलमध्ये चार माणसं आहेत. तुमची फाइल वेगळी."

"मग मी त्याची कोण?"

"आई आहात. पण नियमात..."

बीबीजानने मॅडमकडे असं बघितलं की मी वजनकाट्यामागे सरकलो.

"बेटी," ती म्हणाली, "नऊ महिने तो माझ्याच फाइलमध्ये होता!"

मॅडमनी ते वाक्य चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. नियम काही बदलला नाही.

* * *

दरम्यान तिकडे नियमांवर नियम येत होते. कधी हा फॉर्म बंद, कधी तो चालू. या लोकांसाठी धडपडणारी काही मंडळी परदेशात होती. निवृत्त सैनिक, एक-दोन वकील, चर्चमधल्या बायका. व्हिडिओ कॉलवर एक वकीलबाई म्हणाल्या, "पत्रं लिहा. खासदारांना, संस्थांना. फक्त एक पान. जास्त कुणी वाचत नाही."

नजीबाने लगेच दर सोमवारी पत्रांचा वर्ग सुरू केला. पहिला गठ्ठा मीच स्कॅन करून पाठवला. चार दिवसांनी वकीलबाईंचं उत्तर आलं, "पत्रं फार सुंदर आहेत. पण यांना हवंय काय?"

मी एक पत्र उघडून वाचलं. पहिली ओळ, आपली तब्येत कशी आहे. मग आपल्या आई-वडिलांची तब्येत. मुलांची. घरावर अल्लाची कृपा असो. आपण थकला नसाल ना. आपल्या गावात थंडी फार नसो. असं करत करत पान संपलं होतं! सगळ्या पत्रांत तेच. मागणी दुसऱ्या पानावर येणार होती, आणि दुसऱ्या पानाला परवानगी नव्हती.

मी नजीबाला म्हटलं, "बाजी, काम कहाँ लिखा है?"

ती संतापली. "अनोळखी माणसाला पहिल्याच पत्रात मागायचं? आम्ही घर सोडलंय मुकादमभाई, रीत सोडलेली नाही!"

तीन सोमवार भांडणात गेले. शेवटी तह झाला. सलाम एक ओळ, तब्येत एक ओळ, बाकी काम. स्वतःचं पत्र तसं लिहिताना नजीबाचा चेहरा असा झाला होता, जणू दारात आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारता बिल दाखवतेय.

* * *

मग एका सकाळी हारूनचं नाव फ्लाइटच्या यादीत लागलं. चौघांचं. बीबीजानची फाइल 'चालू आहे', ती मागून येणार.

या आवारात एक पद्धत आहे. यादीत नाव लागलं की घरातलं सामान वाटून टाकायचं. ठेवलं तर नशिबावर विश्वास नाही असा अर्थ होतो. त्यांचा कुकर शेजारणीला गेला, पडदे समोरच्या खोलीत. बीबीजान दुसऱ्या एका विधवेच्या खोलीत राहायला गेली. मी चार बॅगा तोलल्या. एक दीड किलो जास्त भरली, मरियमची. आत वह्या होत्या. मी काट्याकडे बघितलंच नाही.

दुपारी बस निघाली. अफगाण घरातून माणूस प्रवासाला निघाला की मागून पाणी टाकतात. पाण्यासारखा सरळ जा आणि सुखरूप परत ये, असा त्याचा अर्थ. आवारात ही चाल सगळ्यांनी न बोलता बंद केली होती. परत कुठे यायचं? इथे? पण बीबीजानचा हात साठ वर्षं जे करत आला तेच करून बसला. बस हलली आणि तिने किटलीतलं पाणी मागून सडकन फेकलं.

मी बघितलं. नजीबानेही मागच्या काचेतून बघितलं.

अर्धा तास झाला असेल. ऑफिसातून फोन आला. अमेरिकेचा नवा आदेश, निर्वासितांच्या सगळ्या फ्लाइट बंद. खलास. बस परत बोलवा.

शेरखानला मी फोन केला. त्याने आत कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या सिग्नलला गुपचूप यू-टर्न घेतला. नंतर तो मला म्हणाला, "मुकादमभाई, पीछे से लड़की बोली, 'अंकल, दॅट टायर शॉप वॉज ऑन अवर राइट.' मैं क्या बोलता?"

ते उतरले तेव्हा शेजारीण दारात उभी होती. हातात काही नाही, चेहरा ओशाळलेला. "कुकर देते," ती म्हणाली, "फक्त तीन शिट्ट्या होऊ देत!"

बीबीजान फाटकाजवळ तशीच उभी होती. पायाशी रस्त्यावरचा ओला डाग अजून पुरता वाळला नव्हता.

"मी आणलं त्यांना परत," ती म्हणाली. "मी."

मॅडमनी तिला आदेश समजावला. तारीख, सही, सगळं. तिने ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून कुठलीही बस निघाली की बीबीजान तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार लावून बसायची.

* * *

त्यानंतरचे महिने वाईट गेले. हारूनच्या घरात चारही बॅगा भरलेल्याच राहिल्या. लागेल तो कपडा काढायचा, धुऊन परत आत. आणि एक अफवा फिरायला लागली, की उरलेल्यांना काबूलला परत पाठवणार, याद्या बनताहेत म्हणे.

अशातच एका दुपारी एक माणूस पॅड आणि पेन घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. एकेका दारावर नजर टाकायचा, काहीतरी लिहायचा, पुढे जायचा. पाच मिनिटांत मजल्यावर चिटपाखरू दिसेना. सगळी दारं बंद, मुलं चिडीचूप.

मी वर धावलो. तो आमचाच एसीवाला निघाला. फिल्टर मोजत होता!

"भाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "कोई सलाम तक नहीं लेता!"

मी दारं वाजवत सुटलो, "एसीवाला है, एसीवाला!" एकेक दार उघडलं. हारूनचं उघडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो बाथरूममध्ये होता. शर्टाच्या आत, छातीला, सगळी फाइल प्लास्टिकमध्ये बांधलेली.

हा किस्सा मी अजून कुणाला हसत सांगू शकलेलो नाही.

* * *

आणि मग नजीबाच्या एक पानाच्या पत्राला उत्तर आलं. कॅनडातल्या एका छोट्या गावातून. तिथल्या लोकांनी मिळून या कुटुंबाची जबाबदारी घेतली होती. वकीलबाईंनी कागद धावत पुढे नेले. पत्राखाली कुणीतरी हाताने लिहिलं होतं, "आमच्या तब्येती चांगल्या आहेत. थंडी मात्र फार आहे."

नजीबाने ते पत्र मला तीनदा दाखवलं. "बघितलंत? विचारलं म्हणून उत्तर दिलं!"

पुन्हा चारच माणसं. बीबीजानसाठी वेगळा अर्ज केलाय, तो चालू आहे. हारूनचं पाचवं मेडिकल गुरुवारी संपत होतं. फ्लाइट दोनच दिवस आधी, मंगळवारची. म्हणजे मध्ये एक अडथळा आला असता तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

मंगळवारी दुपारी तीच बस, तोच शेरखान. यावेळी कुणी कुणाला सामान वाटलं नव्हतं. हारून आईला वर खोलीतच भेटून आला होता. डोळे लाल. मी यादीवर खुणा करत होतो आणि प्रत्येकाला पाण्याची एकेक बाटली देत होतो. चार नावं, चार खुणा. मॅडम ऑफिसचा फोन हातात धरून उभ्या, वाजू नये म्हणून बघत.

दार बंद झालं. शेरखानने इंजिन चालू केलं. आणि जिन्यावरून बीबीजान खाली आली.

सरळ माझ्याकडे आली, क्रेटमधली एक बाटली उचलली आणि बसच्या मागे जाऊन उभी राहिली.

मागच्या काचेत नजीबाचा चेहरा पांढरा पडला. हारून सीटवरून उठला. शेरखान आरशात बघून ओरडला, "मुकादमभाई, बोतल ले लो उससे! ले लो!"

मी हललो नाही. त्या बाईच्या हातातून काही घ्यायची माझी हिंमत नव्हती.

बीबीजानने झाकण काढलं. बसकडे बघितलं. मग बाटली तोंडाला लावली आणि तिथेच, भर उन्हात, न थांबता, घटाघट सगळं पाणी पिऊन टाकलं. हनुवटीवर एक थेंब आला, तो ओढणीने टिपून घेतला. मग बाटली उलटी करून शेरखानला दाखवली.

एक थेंब पडला नाही.

"यल्ला!" ती म्हणाली.