गाभडबाई

दारात पाऊल टाकल्याबरोबर, पाणी मागायच्याही आधी, गाभडलेल्या, म्हणजे गाभ टाकलेल्या, गाईची चौकशी करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "यंदा गाय गाभडली काय वं कोणाची?" हे तिचं पहिलं वाक्य. गुरांपासून माणसांना होणाऱ्या तापाचा कोणी अभ्यास करत होते, त्यांच्यासाठी ती आंजीच्या आसपासच्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करायची. तिचं खरं नाव विचारायची तसदी कोणी घेतली नाही. गावानं तिला गाभडबाई म्हटलं आणि मी ते तिच्या तोंडावर म्हटलं. ती हसली. "म्हण वं माय. पण हातात मोजे घालजो," म्हणाली.

मोजे हे तिचं वेड होतं. गाय व्याली की जार, म्हणजे वासरामागची वार, नुसत्या हातानं ओढू नका, मेलेलं वासरू उकिरड्यावर फेकू नका, खड्ड्यात पुरून चुना टाका, दूध उकळूनच प्या. हे सगळं देवळासमोर ती इतक्यांदा सांगायची की आम्ही बायका तिची नक्कल करायचो. त्यात माझा हात कोणी धरत नसे. तिनं घरोघर वाटलेले रबरी मोजे घालून आम्ही मिरच्या तोडल्या. हातांची आग होईना, म्हणून आणखी मागून घेतले. आपलं सांगणं पटलं असं समजून ती बिचारी हौसेनं दुप्पट द्यायची.

तिला मूल नव्हतं. "सोताची कूस रिकामी, अन् गाईचे गर्भ मोजून राह्यली," असं सासूबाई तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. ती उठून शेजारी जाई आणि आठवड्यानं पुन्हा आमच्याच ओट्यावर बसलेली असे.

मला चौथा महिना होता तेव्हा आमची कपिली गाभडली. जार अडकला होता. घरातले मोजे मिरच्यांत फाटून गेलेले. मी तसाच ओढला, आणि बाईला कळवलं नाही. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. तो येई, जाई, सांधे ठणकत. एका दुपारी मूल गेलं. मला सेवाग्रामच्या दवाखान्यात तीच घेऊन गेली आणि तिनंच रक्त तपासायला लावलं. ताप गाईचाच निघाला. खाटेवर पडल्या पडल्या मी म्हटलं, "तुमचीच नजर लागली मले."

ती माझे पाय चेपत राहिली. मग म्हणाली, "माह्ये दोन असेच गेले वं. बापाच्या कोठ्यात जार म्याच ओढत होती. मले सांगाले कोणी नवतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली.

गोळ्या संपवून मी घरी आले, त्याच आठवड्यात नवऱ्यानं कपिली विकली. सिंदीकडचा एक माणूस सुनेला घेऊन आला होता. तिचं पोट चांगलं पुढं आलेलं होतं. कपिलीची धार तीच काढणार, म्हणून गाय दाखवायला तिलाच सोबत आणलं होतं. मी तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी गाभडबाई धावत आली. "कोणाले देली गाय? फक्त गाव सांगा. तुमचं नाव नाई घेत मी."

"बाजारात देली. कोण होता, मले का ठाव?" नवरा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "त्या घरी कोणी पोटुशी हाये काय, तेवढं तरी सांग वं."

नवरा माझ्याकडे बघत होता. खरं बोलले असते तर गाय परत दारात आली असती, गावभर बोभाटा झाला असता.

"नाई," मी म्हटलं.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. "बरं झालं वं माय," म्हणाली आणि गाडीवर बसली. अभ्यास संपला, ती पुन्हा आली नाही. मला ती शेवटची दिसली ती अशी, निश्चिंत मनानं जाताना.