एका नावाचा ट्रंक कॉल

परवा भंडाऱ्याला एका कॉलेजात बोलायला गेले होते. विषय माझ्या नोकरीतलाच... इंटरनेटच्या राउटरवर गर्दी झाली की कुणाला किती वाट द्यायची. मी ऐटीत सांगितलं, प्रत्येक कनेक्शनमधून माहितीचं एकेक पॅकेट पाळीपाळीने सोडायचं, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एकानंच धा कनेक्शन उघडले तं?" त्याला दहापट वाट मिळते, हे मला कबूल करावं लागलं. पोरं हसली... मला मात्र ऐंशीच्या दशकातलं तुमसर आठवलं.

धानाचा मोसम होता आणि बाबा नागपूरच्या दवाखान्यात. ऑपरेशन साधंच आहे, खळ्यावरचं धान सोडून येऊ नको, फक्त आत नेण्याआधी एक फोन कर, असा त्यांनीच आईला निरोप धाडला होता. आम्ही मायलेकी सकाळीच टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल बुक करून बाकड्यावर बसलो.

नागपूरची लाइन लागली की दरवेळी कुणीतरी राइस मिलवालाच धानाचा भाव विचारत असायचा... दुपार झाली. आईने ऑपरेटरपुढे हात जोडले, तर तोही बिचारा वैतागलेला.

"बाई, मी नंबरानंच लावून राहिलो. पुढचे सारे एकाच मिलवाल्या शेठचे हायेत. एका नावाला एकच कॉल, म्हनून बायकोच्या नावानं, पोराच्या, साळ्याच्या... पन नंबर तं नंबर हाय."

शेठचा मुनीम रोज ऑफिस उघडताच असे घरादाराच्या नावाने कॉल लावून ठेवायचा. साऱ्या बाजाराला ते ठाऊक होतं, आणि लोक त्याला हुशारी म्हणायचे.

आमचा कॉल लागला तेव्हा पलीकडे काका होते. बाबांना नुकतंच आत नेलं होतं. स्ट्रेचरवर पडल्यापडल्याही फोन आला का विचारत होते म्हणे... ते पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत.

आईने शेठला कधी शिव्या घातल्या नाहीत. म्हातारपणी मात्र काम करता करता मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "आपन बी चौघांच्या नावानं काहून नाही लावला वं?"

मला त्या शेठचा राग येतो, त्या नियमाचाही येतो. पण सगळ्यात जास्त जळतं ते हे, की चूक आपलीच झाली असं समजून माझी आई गेली.