तक्रार काही नाही

आमच्या यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. जिन्याखालची जागा, एक माणूस बसला की दुसऱ्याने श्वास धरायचा. तिथे आलेल्या प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधतात: नाव, तक्रार, परत कधी. चिठ्ठीशिवाय काही ठेवलं की हे माझ्यावरही डाफरतात.

थोरले दीर आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी यांनाही तपासून घ्यायला सांगितलं.

"मला काही होत नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?" हे म्हणाले.

मी भांडले, रुसले, शेवटी भाजी अळणी केली, तेव्हा कुठे शौचाच्या तपासणीची डबी घरात आली. नमुना घेतला, पण लाजेपोटी चिठ्ठी न बांधता घड्याळाच्या खोक्यात दडवला. सुनेने ते खोकं दुकानात घड्याळ न्यायला आलेल्या शिक्षकबाईंच्या हाती दिलं. तासाभराने बाई परत आल्या, खोकं दोन बोटांत धरून.

"माझं घड्याळ मागे पडायचं," म्हणाल्या. "वास नव्हता त्याला."

यांनी त्यांची गल्लीच सोडली.

दुसरा नमुना नाव घालून दिला. त्यात रक्ताचा अंश निघाला.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "बहुतेकांना कॅन्सर नसतोच. पण दुर्बीण घालून बघायला हवं. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, संडासच्या फेऱ्या. क्वचित आतड्याला इजाही होते. मात्र छोटी गाठ सापडली तर तेव्हाच काढता येते, पुढचा कॅन्सर टळू शकतो."

"उघडताना बिघडलेली घड्याळं मी पाहिलीत," घरी आल्यावर हे म्हणाले.

"आणि न उघडता गेलेला भाऊही पाहिलात."

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. यांनी पाणी आणून दिलं. "जातो," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात आत नेण्याआधी यांनी माझ्या हातात दुकानातली चिठ्ठी ठेवली. नाव यांचं. तक्रार: काही नाही. परत कधी, ते मोकळं. यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी नर्सकडून पेन घेतलं, 'आज संध्याकाळी' लिहिलं आणि चिठ्ठी यांच्या मनगटाला बांधली.

दोन छोट्या गाठी निघाल्या, तिथल्या तिथे काढल्या. त्या साध्याच होत्या, ते आठवड्याने कळलं. पण त्या संध्याकाळी हे भुकेने कुरकुरत बाहेर आले तरी चिठ्ठी सोडू देईनात.

"गिऱ्हाईक घेऊन जाईपर्यंत सोडायची नसते," म्हणाले.

मग मी हाताला धरून घरी आणलं आणि गाठ सोडली.